राबणारे हात, बसलेले पाय : निपाणीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

१२ जुलै २०२४

विड्या वळणाऱ्या बायका माझ्याकडे येतात त्या गुडघ्यासाठी, पण बोलता बोलता हात पोटरीवर जातो. "जिना चढला की पाय भरून येत्यात, दम लागतोय, मग भिताडाला धरून उभं ऱ्हायचं." वय पस्तीस-चाळीस. गुडघ्याच्या फोटोत त्या वयाला न शोभणारं काही दिसत नाही. फिजिओथेरपीच्या व्यवसायात कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणीत इतकी वर्षं काढल्यावर मला वाटू लागलंय की सांध्याइतकंच लक्ष स्नायूच्या आत द्यायला हवं.

घरची माणसं म्हणतात, ही दिवसभर राबते, हिला आणखी व्यायाम कशाला? सर्वेक्षणाच्या अर्जातही तिचं नाव कष्टकऱ्यांच्याच रकान्यात जातं. कष्ट आहेतच, त्याबद्दल दुमत नाही. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी फर्म्याने कापलेली तेंदूची पानं, आणि बोटं क्षणभर थांबत नाहीत. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, बोटं थांबली की पैसे थांबले. पण कमरेखाली पाहिलं तर एक गुडघा मुडपलेला, दुसरा पाय लांब, आणि ते तासन्‌तास तसेच. हातांना विसावा नाही आणि पायांना काम नाही. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू तर मांडी-नितंबात आहेत.

बचत गटाच्या आक्कांशी बोलणं झालं, त्या तयार आहेत. प्रकल्पाचा प्रश्न एवढाच ठेवते : विडीचं काम न सोडता या बायकांच्या पायांना प्राणवायू वापरण्याची ताकद परत मिळवून देता येते का?

१९ जुलै

गटासाठी मराठी पत्रक करायचंय, त्याची टिपणं.

स्नायू चालतो एटीपीवर, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर. ग्लुकोजच्या एका रेणूपासून प्राणवायूशिवाय निव्वळ २ एटीपी मिळतात. तोच रेणू तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, प्राणवायूच्या मदतीने पूर्ण जाळला तर ३०-३२. चरबीतल्या पामिटिक आम्लाच्या एका रेणूचे तर १०६, पण चरबी प्राणवायूशिवाय जळतच नाही. म्हणून ज्या स्नायूत तंतुकणिका भरपूर, तो चरबी वापरत सावकाश, न दमता चालत राहतो. ज्याच्यात त्या कमी झाल्या त्याला थोड्याशा चढालाही साखरेच्या झटपट वाटेवर जावं लागतं, आणि पाय लवकर भरून येतात.

पोटरीच्या आतल्या थरात सोलियस नावाचा स्नायू आहे. आपण उभे असतो तेव्हा तो सतत थोडंथोडं काम करत असतो. त्यात बहुतांश संथ, लाल तंतू : मायोग्लोबिन (प्राणवायू धरून ठेवणारं प्रथिन) जास्त, केशवाहिन्या दाट, तंतुकणिका खूप. उभं राहणं आणि चालणं बंद झालं की ज्या स्नायूंना सर्वांत मोठा फटका बसतो त्यांत हा. कारण सरळ आहे, रोजचं काम ज्याला जास्त होतं त्याचंच जास्त हिरावलं जातं.

आत काय घडतं तेही लिहायला हवं, नाहीतर पत्रक म्हणजे नुसता उपदेश होईल. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीत कॅल्शियमची ये-जा होते, एटीपी खर्च झाल्याने एएमपीके हे विकर (एन्झाइम) जागं होतं, आणि दोन्हींचा निरोप पीजीसी-१ अल्फा या प्रथिनापर्यंत पोहोचतो. नव्या तंतुकणिका घडवायला लागणारी जनुकं त्याच्या सांगण्यावरून कामाला लागतात. आकुंचनच नसेल तर निरोपही नाही. जुन्या तंतुकणिका मोडीत निघत राहतात, नव्या तितक्या होत नाहीत. सायट्रेट सिंथेज, सक्सिनेट डिहायड्रोजनेज यांसारख्या तंतुकणिकांतल्या विकरांची क्रियाशीलता घटते, चरबी जाळण्याचं प्रमाण उतरतं आणि न जळलेली चरबी स्नायूतच साठू लागते. हे सगळं स्नायू डोळ्यांना बारीक दिसण्याच्या आधी सुरू होऊ शकतं. माझ्या मते पत्रकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच.

२ ऑगस्ट

दम लागतो म्हणजे दोष पायातच, असं धरून चालता येणार नाही. जर्द्याची धूळ नाकातोंडात जाते, अंगात रक्त कमी असतं, हृदयाचंही काही असू शकतं. आडोल्फ फिकने १८७० मध्ये मांडलेलं तत्त्व इथे कामाला येतं : शरीर किती प्राणवायू वापरतं ते दोन गोष्टींवर ठरतं, हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं आणि त्या रक्तातून ऊती किती प्राणवायू काढून घेतात. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर काढून घ्यायला मुळात मालच कमी येतो.

म्हणून प्रत्येकीचं हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर आणि जोरात फुंकर मारून श्वासाची तपासणी आधी. आशाताईंनी मदत केली. सरकारी अर्ज कानडीत भरायचे होते, ते त्यांनीच भरले आणि बायकांना मराठीत समजावून सांगितले. गरोदर नसलेल्या स्त्रीत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. इथे त्या रेषेखाली इतक्याजणी निघाल्या की मला यादीच वेगळी करावी लागली. त्यांना डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चालणं हलकं ठेवायचं ठरलं. ज्यांना छातीत दुखतं किंवा शिट्टीसारखा श्वास येतो त्यांना थेट दवाखान्यात पाठवलं. त्यांच्या बाबतीत घाई नको.

स्नायूचा तुकडा सुईने काढून विकरं मोजणं किंवा स्नायूतल्या ऊर्जेचा हिशेब दाखवणारं फॉस्फरसचं एमआर स्पेक्ट्रम घेणं आपल्या आवाक्यातलं नाही. बाहेरून दिसणारं काम मोजायचं : सहा मिनिटांत किती चालते, अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठते, आणि दाराची चौकट धरून टाचा किती वेळा उचलता येतात. हे थेट तंतुकणिकांचं माप नाही, हे प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवलंय.

९ ऑगस्ट

पहिली मोजणी. गटाच्या दारापुढच्या बोळात फितीने ३० मीटर आखले, दोन्ही टोकांना विटा. दम किती लागला ते आकड्यात विचारलं की बायका गोंधळतात. त्यांचंच मोजमाप घेतलं : "गाणं म्हणवतंय", "बोलवतंय", "बोलवत न्हाई". हे तीन टप्पे पुरेसे आहेत आणि शास्त्राला सोडूनही नाहीत. जोर वाढला की सलग बोलणं अवघड होतं, हा व्यायामात वापरला जाणारा जुना निकष आहे.

एक मावशी विड्या वळत नाहीत, भांगलणीला जातात. साठीच्या पुढच्या. सुनेला सोडायला आल्या होत्या, म्हटलं तुम्हीही चाला. चाळिशीच्या सुनेला मागे टाकून गेल्या आणि शेवटच्या फेरीतही बोलत होत्या. एका मावशीवरून काही सिद्ध होत नाही. पण बघणाऱ्या बायकांमध्ये जी कुजबुज झाली तिने माझं अर्धं पत्रक सांगून टाकलं.

१९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसवर काम करणाऱ्यांचं जे दाखवून दिलं ते आठवलं : दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी होता. दोघेही एकाच बसचे कामगार, दोघांचाही दिवस कष्टाचाच.

२३ ऑगस्ट

गटात बोलले. अमेरिकेतल्या डॅलसचा १९६६ चा प्रयोग सांगितला : विशीतले पाच निरोगी तरुण तीन आठवडे अंथरुणावर ठेवले, आणि त्यांची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरली. (विडी कामगारांचा कायदाही १९६६ चाच. त्यात पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची वेळ, पाळणाघर यांचा विचार केलेला. पण घरी बसून वळणाऱ्या बाईला विश्रांतीची वेळ कोण पाळू देणार?)

मग कोपनहेगनचा. दिवसाला दहा हजारांच्या आसपास पावलं चालणाऱ्या तरुणांना दोन आठवडे दीड हजारांच्या आत राहायला सांगितलं. कुणी आजारी नव्हतं, अंथरुणात नव्हतं, नुसतं चालणं कमी झालं. तेवढ्यावर क्षमता साधारण ७ टक्के उतरली, पायांचा चरबीविरहित भार घटला आणि स्नायू इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देईनात.

मागे बसलेल्या एका आक्कांनी विचारलं, "दोन आठवड्यांत एवढं, तर आमची तीस वर्षं झाली की म्याडम. आमचं काय उरलं आसंल?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर डॅलसच्याच पुढच्या भागात आहे. तेच पाच जण तीस वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी खाली आणली होती, त्याहून जास्त ती विशीत त्या तीन आठवड्यांत गेली होती. म्हणजे बिछान्याने तीन आठवड्यांत केलेलं नुकसान वयाच्या तीस वर्षांवर भारी ठरलं. पुढे त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला चालण्या-पळण्याचा, सायकलचा सराव दिला. पन्नाशीतली ती माणसं विशीतल्या, बिछान्याआधीच्या आपल्या पातळीला परत पोहोचली. हृदयाचं कमाल पंपिंग त्यात फारसं वाढलं नव्हतं. वाढलं होतं ते रक्तातून प्राणवायू काढून घेणं, म्हणजे कमाई स्नायूंच्या बाजूची होती.

पाच माणसांचा प्रयोग, आणि सगळे पुरुष. तेही सांगितलं. पण पन्नाशीतला स्नायू शिकायला तयार असतो, हे मला या बायकांच्या कानावर घालायचंच होतं. बोलून संपल्यावर त्याच आक्का म्हणाल्या, "म्हंजी मालाला उठाव नसला की कारखानदार मजूर कमी करतोय, आन् मागणी आली की परत बोलावतोय, तसंच की!" पत्रकात हे वाक्य जसंच्या तसं घेतलं.

३० ऑगस्ट

आजचा दिवस हिशेबात गेला. सगळा प्रकल्प या हिशेबावर उभा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बसण्यात मधूनमधून खंड पाडावा हे सगळीकडे लिहिलेलं असतं. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की दर २० मिनिटांनी दोन मिनिटं हळू चाललं तरी जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन कमी चढतं. कचेरीतल्या माणसाला हे सांगणं सोपं. इथे? दहा तासांत हजार विड्या वळणारी बाई घेतली तर एक विडी ३६ सेकंदांची. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं उठली तर दिवसाला ४० मिनिटं, म्हणजे ६५ हून जास्त विड्या गेल्या. हजारातल्या पासष्ट विड्यांची मजुरी तिने व्यायामासाठी सोडावी, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

तोडगा त्यांच्यातच निघाला. पहिलं म्हणजे घड्याळ नको. सूप मांडीवर असताना घड्याळाकडे कोण बघतं. पण विड्यांची मोजदाद डोक्यात चालूच असते. २५ चा एक कट्टा. चार कट्टे झाले की उठायचं, हा साधारण तास झाला. उठून एक मिनिट टाचा वर-खाली. दहा वेळा दहा मिनिटं, म्हणजे सोळा-सतरा विड्या. त्याला बहुतेकजणी तयार झाल्या.

दुसरं, जे एरवी करावंच लागतं ते मुद्दाम लांब ठेवायचं. पाण्याचा तांब्या हाताशी नको, स्वयंपाकघरात. पानं गुंडाळलेलं ओलं फडकं दाराशी, लागतील तेवढी पानं थोडी थोडी आणायची. दोरा दुसऱ्या खोलीत. एका तरुण वैनींनी तर सगळं एकदम घेऊन बसायची सासूबाईंची जुनी शिस्त सासूबाईंच्या देखतच मोडून दाखवली. सासूबाई हसल्या, हे विशेष.

हे साखरेसाठी आणि पोटरीला जाग ठेवण्यासाठी. पण माझं वाचन सांगतं की तंतुकणिका वाढायला एवढ्याने भागणार नाही. त्यासाठी स्नायूकडून सलग काही वेळ, "बोलवतंय पण गाणं म्हणवत न्हाई" एवढी मागणी व्हायला हवी. म्हणून आठवड्यातले काही दिवस, विड्या कारखान्यात देऊन आल्यावर, अर्जुननगरच्या दिशेने झपझप चालून यायचं. देवचंद कॉलेजचा परिसर म्हणजे कागल तालुका. चालता चालता आम्ही महाराष्ट्रात जाऊन परत येणार. बायकांना याचं भारी कौतुक वाटलं.

१८ सप्टेंबर

गणपती-गौरींत चालणं बंद. गौरीच्या स्वयंपाकाला दिवसभर उभं राहणं झालं, तेवढंच.

१९७७ मध्ये हेन्रिकसन आणि राइटमन यांनी माणसांना काही आठवडे सायकलचा सराव देऊन मग थांबवलं. स्नायूतलं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे तंतुकणिकांतलं विकर दोन आठवड्यांत सरावापूर्वीच्या पातळीला आलं, सक्सिनेट डिहायड्रोजनेज सहा आठवड्यांत. पूर्ण शरीराची कमाल क्षमता मात्र त्या काळात बरीचशी टिकून होती. म्हणजे सुट्टीनंतर पहिल्या दिवशी बाईला "आपलं काही गेलं नाही" असं वाटेल आणि आतली विकरं मात्र तोवर उतरलेली असतील. दसरा-दिवाळीत खंड आठवड्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं गटात ठरवून घेतलं.

११ ऑक्टोबर

प्लास्टरवाल्या वैनींची नोंद वेगळी करते, कारण त्यांच्या एका शरीरात सगळा प्रयोग मांडलेला आहे.

गाडीवरून पडून उजवा पाय मोडला होता, सहा आठवडे प्लास्टर. आता हाड जुळलंय. एकच हृदय, एकच फुप्फुस, एकच रक्त, आणि तरी डाव्या पायावर टाचा उचलताना त्या आरामात मोजत राहतात आणि उजव्यावर निम्म्यातच थांबतात, पोटरी जळते म्हणतात. पाय भरून येणं म्हणजे रक्त कमी किंवा छाती कमजोर एवढंच, असं मानणाऱ्या बायकांना यापेक्षा चांगलं उत्तर मला देता आलं नसतं.

हीच गोष्ट उलट बाजूनेही पाहिली गेली आहे. बेंग्ट सॉल्टिन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये लोकांना एका पायाने सायकल मारायला लावली. प्राणवायू वापरणारी विकरं सराव केलेल्या पायातच वाढली. स्नायू ज्याचं त्याने कमवायचं असतं, शेजारच्या पायाची कमाई कामी येत नाही.

फितीने घेर मोजला तर दोन्ही पोटऱ्यांत फरक थोडाच. फितीवर विसंबून चालणार नाही. बिनकामाच्या स्नायूत चरबी शिरते आणि घेर राखून ठेवते. वैनींचा उजवा पाय स्वतंत्र मोजत राहायचा.

२२ नोव्हेंबर

दिवाळी झाली, ऊसतोड सुरू, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या. संध्याकाळी त्या रस्त्याने बायकांना नेणं धोक्याचं, म्हणून आता आतल्या गल्ल्यांतून जातो. वेग कमी होतो, पण वाटेत छोटा चढ आहे, तो दोनदा घेतो. चढावर पोटरी आणि मांडी दोन्ही बोलतात.

मधुमेह असलेल्या दोघींची साखर उतरली आहे. गटात लगेच "चालण्यानं उतरली" झालं. तिथेच सांगितलं की याच महिन्यात दोघींच्या गोळ्याही बदलल्या आहेत, श्रेय वाटून द्यावं लागेल. तरी स्नायूचा वाटा समजून घेण्यासारखा आहे : इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातली जी साखर उचलली जाते तिचा सर्वांत मोठा हिस्सा सांगाड्याच्या स्नायूंत जातो. आणि स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेऊ शकतो. जेवल्यावर लगेच सुपापुढे बसायच्या आधी दहा मिनिटं बोळात फेऱ्या घालायच्या, हा नवा नियम यातूनच निघाला. जेवणाची वेळ आहेच, विड्या बुडत नाहीत.

१७ जानेवारी २०२५

संक्रांत झाली. फेरमोजणी, त्याच बोळात, त्याच विटा.

ज्या चालायला नेमाने आल्या त्यांच्यातल्या बहुतेकींचं अंतर वाढलं, आणि माझ्या लेखी त्याहून मोलाचं म्हणजे शेवटच्या फेरीत "बोलवत न्हाई"वरून "बोलवतंय"वर आल्या. टाचा उचलण्यात फरक सगळ्यात ठळक. प्लास्टरवाल्या वैनींचा उजवा पाय डाव्याच्या जवळ आलाय. रक्तक्षय असलेल्यांपैकी ज्यांचं हिमोग्लोबिन चढलं त्यांची प्रगती चांगली, पण त्यात गोळ्यांचा हात किती आणि चालण्याचा किती हे या मोजणीतून वेगळं काढता येत नाही. तुलनेसाठी न चालणारा गट आपण ठेवलेला नव्हता, त्यामुळे सरावाने चाचणीच जमू लागली असण्याचाही वाटा आहे. अहवालात हे वरच्या बाजूला लिहिणार.

काहीजणींना काहीच जमलं नाही. त्यांच्याकडे पाहिलं की दिसतं, त्या आळशी नाहीत. एकीचा नवरा आजारी, एकीवर सावकाराचा हप्ता, दोघी दिवसाला हजारावर आणखी विड्या वळतात. चार कट्ट्यांना उठायचं तेही त्यांनी सोडलं. विश्रांतीची मिनिटं मजुरीत धरली जात नाहीत तोवर या बायकांच्या तंतुकणिकांचा प्रश्न निम्मा अर्थशास्त्राचा राहणार, आणि तो मी माझ्या फितीने सोडवू शकत नाही. गटाच्या आक्का कामगार संघटनेच्या बैठकीत हा मुद्दा मांडणार आहेत. त्यांना ३६ सेकंदांचा हिशेब कागदावर लिहून दिला.

पुढचं काम : विडी नुकतीच शिकू लागलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलींची पहिली मोजणी आताच करून ठेवायची, त्यांचे पाय अजून शाळेच्या मैदानावरचे आहेत तोवर. त्यांच्या आयांनीच हे सुचवलं. फेब्रुवारीत तारीख धरायची, आशाताईंना अर्ज आधी द्यायचे, आणि एक जादा हिमोग्लोबिन तपासणी संच मागवायचा.